आठ पॉइंट नऊ

निरुपमाबेनच्या वर्गात पृथ्वी कधी चुकत नसे. बावीस वर्षांत जेवढी मुलं त्यांच्या हाताखालून गेली, त्या सगळ्यांच्या जर्नलात गुरुत्वाकर्षणाचा आकडा ९.८ आला. कुणाचा ९.७९, कुणाचा ९.८१, एवढाच काय तो हौसेपुरता फरक. बडोद्यातल्या बाकीच्या शाळांत मुलांचे आकडे ९.२ पासून १०.६ पर्यंत मोकाट फिरत, आणि इथली जर्नलं मात्र शिस्तीत एका रांगेत उभी. बोर्डाच्या प्रॅक्टिकलला बाहेरून येणारे परीक्षक ती चाळत आणि म्हणत, "कोठावळेबेन, तमारुं काम एटले काम!" तुमचं काम म्हणजे काम, या कौतुकावर बेन नुसत्या हसत. ते हसू जरा घाईचं असे, पण तिकडे कोण बघतो!

शाळा मराठी माध्यमाची, दांडिया बाजाराच्या मागच्या गल्लीत. तरी 'बाई' म्हणणं तिथून केव्हाच हद्दपार झालं होतं. बडोद्यात बाईची बेन व्हायला एक पिढीसुद्धा लागत नाही.

प्रयोग अगदी साधा. लिंबाएवढा धातूचा गोळा दोऱ्याला टांगायचा, किंचित बाजूला ओढून सोडायचा, आणि वीस झोक्यांना किती वेळ लागतो ते घड्याळावर बघायचं. दोरा मीटरभर लांब असला तर एका झोक्याला, म्हणजे जाऊन परत यायला, दोन सेकंद लागतात. गोळा शिशाचा घ्या की लाकडाचा, पृथ्वी आपपरभाव करत नाही. लांबी तीच तर वेळही तोच. मग लांबी आणि वेळ सूत्रात घातले की पृथ्वीची ओढ बाहेर पडते. हातातून सुटलेली वस्तू दर सेकंदाला ९.८ मीटरनं जास्त वेगात जाते, असा त्या आकड्याचा अर्थ.

मोजण्याची रीत मात्र बेनची स्वतःची होती. कॉलेजात त्यांच्या सरांनी शिकवलं होतं की झोके 'एक'पासून मोजू नका, शून्यापासून मोजा. पण बेन पडल्या कोठावळ्यांच्या घरच्या. वडील, सुभानराव, आधी गायकवाड सरकारच्या धान्यकोठीवर आणि संस्थान गेल्यावर सरकारी गोदामात मापाचे कारकून. त्या घरात मोजणीची सुरुवात 'शून्य' म्हणून करणं म्हणजे बोहल्यावर शिंकण्यासारखं. धान्य मोजताना पहिल्या मापाला 'लाभ' म्हणायचं, ही पिढ्यान्‌पिढ्यांची चाल. तेव्हा तरुण निरुपमाबेननी शिक्षिका होताच शून्याला रजा दिली आणि त्याच्या जागी लाभ आणून बसवला. गोळा सोडला की घड्याळ दाबायचं. गोळा पहिल्यांदा परत हाताशी आला की म्हणायचं 'लाभ'. मग एक, दोन, तीन, वीसपर्यंत. प्रयोगशाळेत चाळीस मुलं एकदम 'लाभ' कुजबुजली की अंगावर शहारा यायचा. जुने विद्यार्थी मांडवीत कुठं भेटले तर नमस्काराऐवजी लांबूनच ओरडत, "बेन, लाभ!"

आता आतली गोष्ट. गोळा काही ९.८ म्हणत नसे. तो दर वर्षी, दर मुलाच्या हातात, इमानेइतबारे ८.९ म्हणे. बेन मग त्या मुलाला एकट्याला टेबलाशी बोलावत आणि आवाज उतरवून सांगत, "घड्याळ जुनं आहे, जरा घाईनं पळतं. शिवाय हात बसला नाही अजून तुझा. उत्तर माहीत आहे ना? मग त्यावरून मागे ये आणि वेळ भर." मूल कान पाडून जाई आणि बेचाळीस सेकंदांचे चाळीस करून आणी. घड्याळ खरंच जुनं होतं, चावीचं. बेनचाही स्वतःवर विश्वास बसला होता की दोष त्याचाच. झाकली मूठ सव्वा लाखाची, तसं चाललं होतं.

सत्त्याण्णव सालच्या जानेवारीत मुख्याध्यापकांनी सहा नवी घड्याळं आणली. काळी, प्लॅस्टिकची, सेकंदाचा शंभरावा भाग दाखवणारी. पाच वर्षांपूर्वी असलं काही मिळवायला अर्ज करावे लागले असते. आता ती मांडवीतल्या दुकानात कंगव्यांच्या शेजारी टांगलेली असत. बेननी ती हातात घेतली, बटण दाबून बघितलं, आणि का कोण जाणे, त्यांना बरं वाटलं नाही.

मुलांनी नव्या घड्याळांनीही ९.८ आणलं. वरच्या वर्गानं खालच्या वर्गाला शिकवून ठेवलेलंच होतं, आता बेनना टेबलाशी बोलवायचीही गरज उरली नव्हती. एकोणचाळीसपैकी अडतीस जर्नलांवर सह्या झाल्या. एकोणचाळिसावं यशश्रीचं.

"हे काय लिहिलंयस? ८.९?" बेननी विचारलं.

"तेवढंच येतंय, बेन. सहा वेळा केलं." यशश्री शांतपणे उभी होती. मुलगी बोलायला मऊ, पण खांब हलेल आणि ही हलणार नाही अशातली.

"घड्याळ—"

"घड्याळ बरोबर आहे. रेडिओच्या टोल्यांशी लावून बघितलं. लांबी गोळ्याच्या मध्यापर्यंत मोजली. दोरा बदलून बघितला."

"मग हात बसला नाही तुझा."

"असेल. पण बेन, मी एक गणित केलं. उंच जावं तशी पृथ्वीची ओढ कमी होते ना? तर ८.९ यायला बडोदं जमिनीपासून तीनशे किलोमीटर वर पाहिजे." तिनं हे चिडवायला म्हटलं नव्हतं. ती खरोखरच कोड्यात पडली होती.

मागच्या बाकावर कुणीतरी खुसखुसलं. बेन तडकल्या. "परवा गुरुवारी परीक्षा आहे. उद्यापर्यंत नीट लिहून आण. सही झाल्याशिवाय परीक्षेला बसता येत नाही, ठाऊक आहे ना?"

"आमचे पप्पा मकरपुऱ्यात कारखान्यात पार्ट तपासतात," यशश्री म्हणाली. "ते म्हणतात, मापाआधी आकडा लिहिणाऱ्या माणसाला ते मशीनजवळ उभं करत नाहीत." आणि जर्नल तिथंच ठेवून ती निघून गेली.

बेनच्या डोक्यात दिवसभर ते तीनशे किलोमीटर फिरत राहिले. वर्गात शिकवताना खडू दोनदा मोडला. शिक्षकांच्या खोलीत चहा गार झाला. मुलीचं वर्ष वाया घालवायचं त्यांच्या मनात नव्हतं, पण त्या ८.९ खाली सही करायची तर मग बाकीच्या अडतिसांचं काय, आणि बावीस वर्षांचं काय? दुपारी घरी निघाल्या तर दांडिया बाजारात मागून हाक आली, "बेन, लाभ!"

रमाकांत होता. एकोणऐंशीच्या तुकडीतला, तेव्हाचा सगळ्यात हुशार. याचं नाव एक दिवस पेपरात येणार असं बेन म्हणत. आता तो दुसऱ्या एका शाळेत फिजिक्स शिकवत होता, आणि कपाळ बरंच मागे गेलं होतं.

"गुरुवारी तुमच्याकडे परीक्षक म्हणून मीच येतोय," तो म्हणाला. "आमच्या मुलांची जर्नलं बघून डोकं फिरतं. तुमच्याकडे आलं की कसं, ९.८, ९.८, ९.८! डोळे निवतात."

"तू नाही का करून घेत प्रयोग नीट?" बेननी विषय वळवायला विचारलं.

"मी थिअरीचा माणूस. प्रयोगशाळा मदतनिसाकडे. चला, आवजो बेन." तो स्कूटरला किक मारून गेलासुद्धा.

बेनचे पाय घराकडे वळेनात. त्या परत शाळेत आल्या. प्रयोगशाळा रिकामी होती. त्यांनी दार लोटून घेतलं, गोळा टांगला, मीटरपट्टी लावली. आणि मग त्यांच्या लक्षात आलं की नोकरीला लागल्यापासून हा प्रयोग स्वतःच्या हातानं त्यांनी एकदाही शेवटपर्यंत केलेला नाही. शिकवला होता, तपासला होता, सह्या केल्या होत्या. केला नव्हता.

लाभ. एक. दोन. तीन. वीस म्हणताना त्यांनी बटण दाबलं. ४२.१. गणित केलं, ८.९. पुन्हा केलं, ४२.२. मग वाटलं, जास्त झोके मोजले तर हाताची चूक विरघळेल, म्हणून चाळीस मोजले. आता आलं ९.३.

हे तर जास्तच विचित्र झालं. जितकं जास्त मोजावं तितकी पृथ्वी जास्त ओढते की काय? त्यांनी खिडकीतून बाहेर बघितलं. मैदानात मुलं चेंडू फेकत होती आणि चेंडू नेहमीसारखे खाली येत होते. बेननी खिडकी लावून घेतली. बी.एस्सी., बी.एड., बावीस वर्षांची नोकरी, आणि दोऱ्याला टांगलेल्या गोळ्यानं त्यांना निरुत्तर केलं होतं. जीव टांगणीला लागणं म्हणजे काय ते त्यांना आत्ता कळत होतं. चपराशी कुलूप लावायला आला तेव्हा कुठं त्या उठल्या.

बुधवारी सकाळी त्या स्वयंपाकघरात भाजी चिरत होत्या, म्हणजे विळीसमोर बसल्या होत्या. सुभानराव चौऱ्याऐंशी वर्षांचे. घरातली बाकी कामं सुटली तरी डब्यातून तांदूळ मोजून द्यायचं काम त्यांनी कुणाला दिलं नव्हतं. पितळी माप भरून त्यांनी पातेल्यात उपडं केलं.

"लाभ," ते म्हणाले. दुसरं माप पडलं. "दोन."

बेनचा हात थांबला. हे त्या जन्मापासून ऐकत होत्या. देवळाशेजारी राहणाऱ्याला घंटा ऐकू येत नाही, तसं ते ऐकत होत्या.

"आबा, एक कुठं गेला?"

"कुठला एक?"

"लाभ म्हणालात, मग एकदम दोन. मधला एक?"

सुभानरावांनी लेकीकडे असं बघितलं की हिला ताप आहे की काय. "अगं, लाभ म्हणजेच एक. पहिल्या मापाचं ते नाव. लाभ झाल्यावर पुन्हा एक म्हटलं तर दर खेपेला एक माप जास्तीचं जाईल. कोठीवर असं कुणी मोजलं असतं तर दुसऱ्या दिवशी घरी बसला असता." आणि माप डब्यात ठेवत, "कोठावळ्यांची पोर तू, आणि हे मला विचारतेस?"

बेननी भाजीची ताटली बाजूला सारली आणि विळीखाली पसरलेल्या पेपराच्या कोऱ्या कडेवर गणित मांडलं. पहिला झोका लाभ, दुसरा एक, तिसरा दोन. वीस म्हणेपर्यंत झोके झालेले असायचे एकवीस. बेचाळीस पॉइंट एक भागिले वीस नव्हे, भागिले एकवीस. दोन सेकंदांच्या वर केसभर. उत्तर, ९.८. चाळिसांचे एक्केचाळीस धरले. तेच उत्तर. जास्त मोजल्यावर आकडा का सुधारला तेही उलगडलं. विसांत एक घुसला तर गोंधळ मोठा, चाळिसांत एक घुसला तर लहान. पृथ्वीनं काही केलं नव्हतं, घड्याळानं नव्हतं, आणि मुलांच्या हातांनी तर मुळीच नव्हतं.

त्यांना आधी हसू आलं, आणि मग इतकी लाज वाटली की पदरानं तोंड पुसण्याचं निमित्त करावं लागलं.

शाळेच्या वाटेवर मन मोठी वकिली करत होतं. कुणाला कळणार आहे? यशश्रीला बाजूला घ्यायचं, 'तू एक झोका कमी मोजतेस' म्हणायचं, नव्यानं लिहायला लावायचं. चूक मुलीची, सही बेनची, ९.८ शाबूत. हे वाक्य त्यांनी रस्ताभर तीन वेळा घोटलं. चांगलं बसलं होतं.

यशश्री प्रयोगशाळेच्या दारातच उभी होती. "बेन, मी बदललं नाही," ती म्हणाली. आवाज स्थिर होता पण बोटं ओढणीच्या टोकाला पीळ घालत होती. "पप्पांना सांगितलं, कदाचित परीक्षेला बसता येणार नाही. ते म्हणाले, ठीक आहे. पण रात्री जेवले नाहीत."

घोटलेलं वाक्य बेननी तिथंच सोडून दिलं. "आत ये," त्या म्हणाल्या. "सगळ्यांना बोलाव."

एकोणचाळीस मुलांसमोर त्यांनी गोळा सोडला आणि मोठ्यानं मोजलं, पण या वेळी डाव्या हातात खडू घेऊन दर झोक्याला फळ्यावर एक रेघ मारत. तोंडानं वीस झाले तेव्हा फळ्यावर एकवीस रेघा होत्या.

"ही चूक माझी आहे," बेन म्हणाल्या. "बावीस वर्षांची. तुमच्यापैकी कुणाचा हात वाईट नाही."

यशश्रीनं तोवर टेबलावर पडलेलं जर्नल उघडून आपले सहा आकडे एकवीसनं भागले होते. ९.७९, ९.८२, ९.८. सहाही. "बेन, आलं!" ती इतक्या जोरात ओरडली की स्वतःच दचकली.

मग बाकीचेही आपापली जर्नलं उघडून भागायला लागले, आणि एकेक चेहरा उतरत गेला. चाळीस सेकंद भागिले एकवीस. सगळ्यांचं येत होतं १०.८.

"आमचं का नाही येत?" पुढच्या बाकावरच्या कुणालनं विचारलं, आणि विचारता विचारताच त्याला उत्तर कळलं. चाळीस सेकंद त्यानं कधी बघितलेच नव्हते.

त्या दिवशी संध्याकाळी सातपर्यंत प्रयोगशाळा चालू होती. मुलं शून्य म्हणून गोळे सोडत होती. कुणाचं ९.६ आलं, कुणाचं १०.१, आणि बेन एकेकाखाली सही करत गेल्या. इतकी वाकडीतिकडी रांग त्यांच्या वर्गात पहिल्यांदाच उभी राहिली होती. सगळ्यात शेवटी त्यांनी यशश्रीचं जर्नल घेतलं. ८.९ खोडलं नाही. खाली लिहिलं, 'मोजणी शिक्षिकेच्या चुकीच्या सूचनेप्रमाणे. झोके २१. वाचनं खरी,' आणि पूर्ण नाव घालून सही केली.

गुरुवारी रमाकांतनं खुर्चीवर बसून जर्नलं पुढे ओढली. पहिलं उघडलं, दुसरं उघडलं. ९.६. १०.१. त्यानं चष्मा काढून पुसला. "बेन, आ शुं?"

मुलं अजून बाहेर होती. बेन उभ्याच राहिल्या आणि त्यांनी सगळं सांगितलं. लाभ, एक, दोन. एकवीस झोके. जुनं घड्याळ. टेबलाशी बोलावून आवाज उतरवून सांगितलेलं. काही वगळलं नाही. सांगताना त्यांना वाटत होतं की हा आता हसेल, मग चार ठिकाणी सांगेल, आणि उद्यापासून मांडवीत 'बेन, लाभ!' ऐकू आलं की मान खाली घालावी लागेल. घालावी लागली तर घालू, असंही वाटत होतं.

रमाकांत हसला नाही. "माझं ८.९ आलं होतं," तो म्हणाला.

"सगळ्यांचंच येत होतं रे."

"ते आज कळतंय. मला वाटलं होतं, माझंच. बाकी सगळ्यांच्या जर्नलात ९.८ दिसत होतं ना. तुम्ही मला इथंच बोलावलंत, याच टेबलाशी, आणि म्हणालात, हात बसला नाही तुझा." तो टेबलाच्या कडेवरून अंगठा फिरवत होता. "बी.एस्सी.ला पहिला आलो तेव्हा अहमदाबादला संशोधनाला जा म्हणून सर मागे लागले होते. मी नाही गेलो. म्हटलं, साधा लंबक ज्याच्या हातात नीट हलत नाही, तो तिथं जाऊन काय करणार? बी.एड. केलं."

अठरा वर्षं तो बेनना रस्त्यात हसून हाक मारत होता. आणि हा एक झाला. बावीस तुकड्यांतली बाकीची मुलं कुठं कुठं होती, आपल्या हाताबद्दल काय समजून चालली होती, ते विचारायला त्या कुणाकडे जाणार होत्या?

रमाकांत उठला. शर्टाची बाही वर सरकवून त्यानं दोऱ्याची लांबी मोजली, गोळा बोटभर बाजूला घेतला आणि सोडला.

"शून्य," तो मोठ्यानं म्हणाला. "एक. दोन. तीन." पस्तिशीचा माणूस, दाराबाहेर एकोणचाळीस मुलं ताटकळलेली, आणि हा शाळेतल्या पोरासारखा ओठ हलवत मोजत होता. वीसला त्यानं बटण दाबलं. ४०.२. फळ्यावर जाऊन स्वतः गणित केलं, एकेक पायरी, काही न गाळता. ९.७७.

मग त्यानं खडू खाली ठेवला आणि दोन्ही हात समोर धरून, ओंजळीसारखे, बेनना दाखवले.

"बसलेला होता, बेन," तो म्हणाला.